परीक्षा, बिबडी आणि मायचा डोळा

किस्से आपण ठरवून जमवत नाही. सोफ्याच्या उशीखाली पेन्सिलीचे तुकडे, एकेकटे मोजे आणि अर्धं खाल्लेलं बिस्किट जसं आपोआप साठतं, तसे ते साठतात. एक दिवस उशी उचलावी आणि कपाळाला हात लावावा! सोमवारी मी स्टाफरूममध्ये नुसती पर्स टेबलावर ठेवली, की समोरच्या मॅडम पेपरांचा गठ्ठा बाजूला सारतात आणि म्हणतात, "हं, बोला. या आठवड्यात काय केलं तुमच्या पोरांनी?" आमचे पेपर वेळेवर तपासून होत नाहीत, ते त्यामुळे.

तर हा सगळा एकट्या मार्चचा माल.

आधी माणसं सांगते. मी नंदुरबारला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. नवरा हेमंत जनावरांच्या दवाखान्यात. त्याची ड्यूटी विसरवाडीकडच्या गावांमध्ये. मुलगी स्वरा, दुसरीत, अतिशय जबाबदार. मुलगा मल्हार, साडेपाच वर्षांचा, अजिबात नाही. आणि माझ्या सासूबाई. त्यांना लहानथोर सगळे 'माय' म्हणतात; त्यांचं बोलणं पक्कं अहिराणी. माय रनाळ्याला राहतात, पण मार्च लागला की महिनाभर आमच्याकडे येतात, कारण वर्षाचे ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडी, घालायला त्यांना आमची गच्ची पसंत आहे. गच्चीखाली आम्ही राहतो, त्याला त्यांचा इलाज नाही!

मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन दोन वर्षं टळत होतं. "बिबड्या व्हवू द्या." मग "होयी व्हवू द्या." मग "पाडवा व्हवू द्या." पाडवा झाला की लगीनसराई!

*

दहावीची परीक्षा सुरू झाली. सकाळी डबे, वेण्या, बूट, आणि नऊला परीक्षा केंद्रावर हजर. पहिल्या दिवसापासून स्वरा बघत होती, की आई "परीक्षा आहे, परीक्षा आहे" म्हणत धावतेय. तिला माझी फार काळजी वाटली असणार.

आमचे केंद्रसंचालक म्हणजे मिशीला पीळ न देताही पीळ दिल्यासारखा वाटणारा माणूस. गणिताच्या पेपरला ते म्हणाले, "आज पर्यवेक्षकांच्याही पर्स तपासायच्या. मोबाईल नको." मी हसत हसत पर्स पुढे केली. मोबाईल तर मी घरीच ठेवला होता!

सरांनी पर्समधून चार पदरी घडी घातलेला कागद काढला. सगळा स्टाफ बघतोय. सरांनी घडी उलगडली, चष्मा खाली घेतला आणि मोठ्याने वाचलं:

"आई घाबरू नको. आधी सोपे प्रश्न सोडव. सात आठे चोपन्न."

मला जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं. सरांनी कागद पुन्हा नीट चार पदरी घडी घालून माझ्या हातात दिला.

"कॉपी आहे, मॅडम," ते म्हणाले. "पण उत्तर चुकलंय. त्यामुळे कारवाई करत नाही."

संध्याकाळी स्वराने दारातच विचारलं, "चिठ्ठी सापडली का तुला?"

"मला नाही, सरांना सापडली."

तिचा चेहरा पांढराफटक. "अरे देवा! मग आता तुला परत पाचवीपासून?"

*

त्याच आठवड्यात मल्हारच्या पहिलीच्या प्रवेशासाठी आम्हाला बोलावलं. शाळा नवीन, मोठ्या बाई कडक. मी मल्हारला तीन दिवस तयार करत होते. नाव, गाव, रंग, फळं, सगळं पाठ.

बाईंनी गोड आवाजात विचारलं, "बाळ, तुझे पप्पा काय करतात?"

"डॉक्टर आहेत!"

बाईंच्या चेहऱ्यावर आदर आला. हेमंतनेही खुर्चीत जरा पाठ ताठ केली. इथे थांबायला हवं होतं. पण बाई म्हणाल्या, "अरे वा! काय काय करतात मग ते?"

मल्हार खुर्चीवरून उतरला. उजवी बाही त्याने खांद्यापर्यंत वर केली.

"पप्पा असा लांऽऽब पिशवीसारखा हातमोजा घालतात. मग म्हशीची शेपटी बाजूला करतात. आणि मागून आत हात घालतात. इथपर्यंत!" त्याने काखेला बोट लावलं. "आत बाळ आहे का बघतात."

बाईंचं पेन थांबलं. विषय बदलावा म्हणून त्यांनी घाईने विचारलं, "आणि आई? आई काय करते?"

"आई दारातच ओरडते, कशालाच हात लावू नका!"

प्रवेश मिळाला. निघताना हेमंतने आभार मानायला हात पुढे केला.

बाई दोन पावलं मागे सरकल्या आणि लांबूनच कोपरापासून हात जोडून म्हणाल्या, "नमस्कार, नमस्कार! राहू द्या, राहू द्या!"

*

मग बिबडी. ज्वारीचं पीठ शिजवायचं, ओल्या कापडावर हाताने गोल थापायचं, आणि कडक उन्हात वाळवायचं. वाळली की पापडासारखी. पण ओली बिबडी पोरांना जास्त आवडते, तेव्हा वाळेपर्यंत निम्मी शिल्लक राहते. मायने तोडगा काढला. पोरांनाच राखणीला बसवलं! "कावया उना का हाकली द्या. आनि तुम्ही खाश्यात तं माले समजी जाई."

दुपारी मी पेपर आटोपून आले. घर शांत. दोन मुलं असलेलं घर शांत असलं की समजावं, काहीतरी चाललंय. मी धावतच गच्चीवर गेले.

प्रत्येक बिबडीच्या खाली कापडावर खडूने आकडा. ओळीने. बैठक क्रमांक! स्वरा पाण्याच्या टाकीवर बसून पिपाणीने बेल देत होती. आणि मल्हार, हात पाठीमागे, हातात फूटपट्टी, दोन रांगांमधून चालत होता.

"मान खाली! एकमेकांचं बघायचं नाही!" एका वाकड्या बिबडीसमोर तो थांबला. "तू सारखी शेजारणीकडे झुकतेस. उठवू का?"

माझ्या मागोमाग माय वर आल्या. त्यांना आकडे कुठले दिसायला! पण कापडावर चाचपत गेल्या आणि एका जागी हात रिकाम्या कापडावर पडला.

"अठे बिबडी व्हती ना? कोठे गयी?"

"कावळा घेऊन गेला," मल्हार म्हणाला.

"मंग हाकला नही तू?"

"कसा हाकलू?" मल्हारने फूटपट्टी काखेत मारली. "परीक्षेतून अर्धा तास झाल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. तो अर्धा तास बसला होता!"

*

होळी आली. आमच्याकडे होळीला मुलांच्या गळ्यात साखरेचे हार घालतात, हातात साखरेचं कंगण. रंगीत, गोड, चिकट. मायने पाच जोड आणले होते. दोन आमच्या मुलांना, तीन भावकीतल्या पोरांना. ते कागदात गुंडाळून मी कपाटाच्या वर, पार मागे ठेवले.

होळीच्या संध्याकाळी पुडकं काढलं. कागद जसाच्या तसा. आत पाच दोरे!

"मुंग्यांनी खाल्ले," मल्हार विचारण्याआधीच म्हणाला. जीभ गुलाबी.

"मुंग्यांनी कागदाची घडी परत घातली?"

"मोठ्या मुंग्या होत्या."

मी स्वराकडे वळले. माझी जबाबदार मुलगी. तिने माझ्या डोळ्यांत डोळे घालून शांतपणे सांगितलं, "आई, मी एकही खाल्ला नाही. मी फक्त खुर्ची धरली होती."

हेमंतने दुकान बंद व्हायच्या आत दुसरे पाच जोड आणले. ते मी मायच्या ट्रंकेत कुलपात ठेवले. किल्ली मायच्या कमरेला. भावकीतली पोरं आली, ट्रंक उघडली, तर त्यातला एक हार अर्धा!

आम्ही सगळे मायकडे बघायला लागलो.

"मंग?" माय म्हणाल्या. "मी काय म्हातारीच जलमनी का?"

*

एका शनिवारी मला जादा ड्यूटी लागली आणि मायला ताप. म्हणून दोन्ही मुलं हेमंतबरोबर शेळ्यांच्या लसीकरणाला गेली. गाव विसरवाडीच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. शेळ्या हेमंतची मोटरसायकल ओळखतात. आवाज आला की कुणी झुडपात, कुणी घरात, कुणी छपरावर! निम्मा दिवस पकडण्यात जातो.

मल्हारला आमच्या मुलांच्या डॉक्टरांची पद्धत माहीत होती. सुई टोचली की खाऊ. तो डब्यातली बिस्किटं घेऊन शेजारी उभा राहिला. प्रत्येक शेळीला सुई झाली की म्हणायचा, "झालं, झालं, शहाणी ती," आणि बिस्किट द्यायचा.

पाचव्या शेळीनंतर छपरावरच्या खाली उतरल्या. दहाव्यानंतर झुडपातल्या आल्या. नंतर तर टोचून झालेल्या शेळ्या परत रांगेत घुसायला लागल्या! खुणेचा रंग लावला होता म्हणून बरं. एका म्हाताऱ्या आजीने दारात बसून हे सगळं पाहिलं आणि हेमंतला सांगितलं, "पुढल्या टायमाला ह्या बारक्या डॉक्टरलाच पाठव. तू नाय आला तरी चालंल."

पुढच्या वेळी हेमंत एकटाच गेला. गावातल्या सगळ्या शेळ्या धावत सामोऱ्या आल्या. त्याचे खिसे धुंडाळले. बिस्किट नव्हतं, म्हणून त्याच्या नोंदवहीचं पान खाल्लं.

त्याने कार्यालयात खुलासा लिहून दिला: "सदर पान शेळीने खाल्ले."

वरून उत्तर आलं: "हे कारण आम्ही तिसरीत असताना देत होतो."

*

आता जो प्रसंग सांगते, तो आज हसत सांगते. त्या दिवशी हसू कुठलं!

रंगपंचमीला मल्हारच्या बालवाडीत रंग खेळणार होते. त्याला आणायला माय गेल्या. घराच्या कोपऱ्यावरच तर शाळा. मी माझ्या शाळेत. साडेबाराला बालवाडीच्या ताईंचा फोन आला, "मॅडम, मल्हारला न्यायला अजून कुणी आलं नाही."

मी घरी फोन लावला. "माय, तुम्ही मल्हारला घ्यायला गेला नाहीत?"

"गयी व्हती ना! ली उनी. मन्हा जोडेच बठेल शे. बिबडी खाई ऱ्हायना."

क्षणभर मला वाटलं, मला उन्हाने भ्रम झालाय. एक मल्हार शाळेत, एक घरात! स्कूटर काढली आणि बालवाडी गाठली. फाटकात आमचा मल्हार, डोक्यापासून पायापर्यंत जांभळा, मजेत. आणि त्याच्या शेजारी एक बाई, हिरवीगार झालेली मुलं एकेक धरून चेहरे बघत होती. म्हणत होती, "माझा सार्थक दिसत नाहीये हो. कुठेच नाहीये."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी मल्हारला स्कूटरवर पुढे उभं केलं आणि त्या बाईंना म्हटलं, "ताई, गाडीवर बसा."

घरी पोचलो. ओट्यावर एक स्वच्छ मुलगा, फक्त कान हिरवे. डोक्याला तेल, भांग पाडलेला, अंगात मल्हारचा शर्ट. तोंडात बिबडी, दोन्ही हातांत बिबडी. समोर माय, बेसनाने त्याचे कान घासतायत. आणि बाजूला स्वरा रडकुंडीला आलेली, "माय, हा आपला नाहीये! माय, ऐक ना!"

"आपलाच शे वं! रंग निघी नही ऱ्हायना, म्हनीसन तुले वळखाले येत नही."

सार्थकच्या आईने त्याला कवेत घेतलं आणि मग जरा दूर धरून हलवलं. "अरे, तू बोलला का नाहीस? तोंड नव्हतं का तुला?"

"बोललो ना!" सार्थक बिबडी गिळून म्हणाला. "मी म्हटलं, मी सार्थक आहे. आजी म्हणाल्या, कालदिन तू वाघ व्हता, आज सार्थक झाया! चाल, आंग धुई ले!"

सार्थकची आई रडता रडता हसायला लागली. मीही. एकट्या माय हसल्या नाहीत. त्या आत जाऊन बसल्या. दिवसभर बिबडीला हात लावला नाही. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले, तर म्हणाल्या, "दुसरानं लेकरू ली उनी मी. ती माय कशी कापी ऱ्हायंती, देखं ना तू? कोनी आपलं लेकरू असं ली गये असतं तं?"

मी कप त्यांच्याजवळ सरकवला.

"हेमंतले सांग," त्या म्हणाल्या. "डोयाना डाक्टरले फोन लाव. पाडवानी वाट देखू नका."

*

चौथ्या दिवशी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. माय घाबरल्या होत्या, पण चूपचाप गेल्या. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला आम्ही सगळे हजर. मल्हार पलंगाच्या दांडीवर चढलेला. डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळा पुसला आणि विचारलं, "काय आजी, दिसतंय का?"

मायने डोळे मिचमिचवले. डॉक्टरांकडे बघितलं. खालपासून वर, वरपासून खाली.

"हाऊ पोऱ्या कोन शे? मोठा डाक्टर कोठे गया?"

"आजी, मोठा डॉक्टर मीच. मीच केलं तुमचं ऑपरेशन."

"तू?" मायने छातीला हात लावला. "मिशी तरी फुटनी का तुले? बरं झायं माले दिखत नव्हतं! नहीतं टेबलवरथून पयी जाती मी!"

*

पाडव्याला मायने हट्टच धरला, "गुढी मन्हा घरलेच उभारसू." म्हणून सकाळीच आम्ही सगळे रनाळ्याला.

माय काळा चष्मा लावून घरभर फिरत होत्या. जाळी दिसली, डबा घासलेला नाही हे दिसलं, माझ्या साडीवरचा डाग दिसला. मी म्हटलं, आता आपलं काही खरं नाही! मग त्या समोरच्या खोलीत सासऱ्यांच्या फोटोपुढे गेल्या. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. फोटोला चंदनाचा हार. माय गावी असल्या की रोज सकाळी गंध, अगरबत्ती, हात जोडणं, सणाला नारळ. आम्हीही कधी गेलो, की पोरांसकट आधी पाया पडतो.

मायने चष्मा वर केला. फोटोजवळ गेल्या. अजून जवळ गेल्या.

"हेमंत, त्यास्ना गालवर तीळ व्हता. तो कोठे गया?"

हेमंतने फोटो खाली काढला, काचेवरची धूळ पुसली आणि तसाच उभा राहिला.

"माय… हे तर मोठे बाबा!"

मोठे बाबा म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ, मायचे जेठ. शेजारच्याच घरात राहतात. हयात आहेत, धडधाकट आहेत, दोन वेळा शेतात जातात! आमच्या लग्नात एकाच फोटोग्राफरने दोघा भावांचे फोटो काढले होते. तशीच टोपी, तशीच मिशी. दिवाळीत घराला रंग दिला, तेव्हा सगळे फोटो उतरवले होते. खरे सासरे आतल्या खोलीत निघाले, गव्हाच्या कोठीवर, विनाहार.

जेठाचं नाव ऐकताच मायने फोटोसमोरच झटकन डोक्यावर पदर घेतला. मग आमच्याकडे वळल्या. चष्मा पूर्ण काढला.

"माले मोतीबिंदू व्हता," त्या म्हणाल्या. "तुम्हले काय व्हतं?"

हेमंत काच पुन्हा पुसायला लागला. मल्हार तेवढा म्हणाला, "मी दिवाळीतच म्हटलं होतं, हे मोठे बाबा आहेत म्हणून. आई म्हणाली, बडबड करू नकोस, पाया पड!"

तेवढ्यात पाडव्याचा चहा घ्यायला मोठे बाबा स्वतः दारात. रोजच्या खुर्चीवर बसले. त्याच फोटोखालच्या. वर बघितलं, तर नुसता खिळा. मग हेमंतच्या हातातला फोटो बघितला.

हेमंत ओशाळून म्हणाला, "मोठे बाबा, चूक झाली. आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नाही."

"मन्हा ध्यानमा दिवाळीलेच उनं व्हतं," मोठे बाबा बशीत चहा ओतत म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"कसाले बोलू? जित्ता मानूसले इतला मान कोन देस रे?"

त्यांनी चहाचा एक मोठा भुरका मारला, बशी खाली ठेवली आणि मायच्या दिशेला न बघता विचारलं, "मंग, आज नारय फोडतस का नही?"